गार पाक

नांगा लिजोक, बाले नदी
२८ मार्च १९८८

लेमोक मावशी,

उभी असशील तर बस, आणि हातात झारा असेल तर आधी खाली ठेव. मी कॉलेज सोडलं.

कँटीनमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलंयस ना, भाचा विजेचा इंजिनियर होतोय म्हणून? आता नको सांगूस. झालं असं की सिबूला दुसऱ्या वर्षाचा पेपर चालू होता, मोटारच्या जोडणीची आकृती काढायची होती, आणि अर्धी काढून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण सुलाऊचं नाक काढतोय. त्याच सकाळी चुलतभावाची चिठ्ठी आली होती. लाकडाच्या कॅम्पवरचा तो मोजणीवाला सुलाऊच्या घरी दोनदा जाऊन आला, एकदा बिअरचं खोकं घेऊन आणि एकदा टेपरेकॉर्डर घेऊन. मी पेन ठेवलं, वर्गातून उठलो तो थेट धक्क्यावर. दुपारच्या बोटीत कोंबड्यांशेजारी जागा मिळाली. बोटीत मी काय काय ठरवलं ते लिहीत नाही, तू पत्र मोठ्यानं वाचतेस.

खालच्या वळणावर सुलाऊचं लांबघर, आपल्यासारखंच खांबांवरचं, एका ओसरीला ओळीनं सगळ्यांची दारं. आपल्या घरी न जाता आधी तिथेच उतरलो. तिची आजी, इनिक मिंदू, ओसरीवर सुपारी कुटत होती. मी म्हणालो, "इनिक, मला सुलाऊ हवी."

ती म्हणाली, "आणि मला दात हवेत. बस."

मग तिनं गेल्या सुगीच्या सणाचं, गवाईचं काढलं. तुला कुणी कळवलं नसेल. सणाच्या दिवशी पाहुणे दारोदार पेला घेत चालले होते, आणि आपल्या दारात माझ्या बापानं, अपाईंनी, दुकानची बिअर ठेवली होती. इनिक मिंदूनं पेला घेतला, वास घेतला आणि सगळ्यांसमोर जमिनीच्या फटीतून खाली डुकरांच्या अंगावर ओतला. डुकरं ओरडत पळाली. लोक अजून सांगतात.

"ज्या घरात तीन वर्षं काही आंबलं नाही," ती म्हणाली, "त्या घराची शिडी माझी नात चढणार नाही. या गवाईला तुझ्या दारात तांदळाची तुआक असू दे. हातची, घरची. ती मी पिईन, मग बोलू. नाहीतर मोजणीवाला आहेच."

सुलाऊ तिथेच भिंतीशी टोपली विणत होती. मी तिच्याकडे बघितलं तर तिनं तोंड फिरवलं, खांदे हलत होते. रडत असावी बिचारी.

मावशी, एक जूनला गवाई. आईच्या चुलीवरच्या टोपलीत तिच्या हातच्या खमिराच्या तीन वड्या सापडल्या, धुरानं काळ्या झाल्यात पण शाबूत आहेत. करायचं कसं ते मला माहीत नाही. अपाईंना विचारलं. ते जाळं सांधत होते, "हं" म्हणाले. आई गेल्यापासून सगळ्याला "हं"च म्हणतात. तूच सांग. लवकर.

तुझा मंगाट


मिरी
३ एप्रिल

मूर्खा,

झारा खाली ठेवला होता म्हणून कँटीनचा फिटर वाचला, तो तेवढ्यात तुझी चौकशी करत आला.

मी तुला शिव्या देणार नाही. तुझी आई असती तर तिनंच दिल्या असत्या, आणि तिच्या माझ्यापेक्षा चांगल्या होत्या. आता नीट वाच.

चिकट तांदूळ शिजव, मोकळा. चटईवर पसर आणि गार होऊ दे. गार म्हणजे गार, तुझ्या डोक्याच्या उलट. वड्या कुटून भातावर भुरभुर. तीनपैकी दोनच घे. तिसरी ठेव, तिच्यातूनच पुढच्या वड्या करायच्या असतात; विरजण संपवून कुणी दही खात नाही. भात रांजणात भर, केळीचं पान बांध आणि बाजूला हो. पाच-सहा दिवसांत तळाशी रस सुटेल. खमीर आधी भाताला गोड करतं आणि मग ते गोड स्वतःच खायला बसतं, त्यातून नशा येते. भातातलं गोड त्याला पुरत नाही म्हणून आपण वरून साखरेचा पाक घालतो. पाणी उकळ, साखर विरघळव आणि तो पाकसुद्धा गार कर. मनगटावर थेंब टाक, काही जाणवलं नाही तरच ओत. मग तीन आठवडे झाकण उघडायचं नाही. तुला विश्वास बसणार नाही, पण तू बघितलं नाहीस तरी ते काम करतं.

रांजणाला कान लाव. जिवंत असेल तर आत बारीक सळसळ ऐकू येते, तव्यावर मासा लांबून ऐकावा तशी.

आणि म्हाताऱ्या सांगतात तेही पाळ. रांजण बसलाय तोवर लिंबाला हात लावायचा नाही, आंबट खायचं नाही, भांडायचं नाही. पहिली दोन जमतील तुला.

भाऊजींना माझा नमस्कार. ते "हं" म्हणतील.

लेमोक


नांगा लिजोक
१८ एप्रिल

मावशी,

सगळं झकास झालंय. रांजण बसवला, पाक घातला. आपण उगाच बायकांच्या कामाचं एवढं अवडंबर करतो.

वड्या तिन्ही घातल्या. दोनात एवढं होतं तर तिनात किती होईल हा साधा हिशेब आहे, आम्हाला कॉलेजात शिकवतात. भात मात्र तू म्हणालीस तसाच गार केला, चटईशेजारी बसून कोंबड्या हाकलल्या. सहाव्या दिवशी रस सुटला, बोट बुडवून चाटला, मधासारखा. मला वाटलं आता मोजणीवाला गेला.

मग पाक उकळला. तो गार व्हायची वाट बघतच होतो, पण खाली घाटावर कुणीतरी ओरडलं की खालच्या वळणावरची होडी आली, सुलाऊ आहे. आता तूच सांग, पाकाकडे बघत कोण बसेल? पातेलं उचललं आणि रांजणात रिकामं केलं. काय सुंदर वाफ आली, सगळी खोली गोड झाली. साखर अगदी एकजीव मिसळली असणार. पान बांधलं आणि खाली पळालो.

सुलाऊ होडीत होतीच, आणि होडी कोण चालवत होता? मोजणीवाला. मनगटावर घड्याळ, खांद्यावर टेपरेकॉर्डर. मला म्हणाला, "काय इंजिनियर, वास कसला येतोय तुझ्या अंगाला, शाळेतल्या टिफिनचा?" मी त्याला ढकललं. मुद्दाम नाही, पण पुरेसं ढकललं. तो पाण्यात, टेपरेकॉर्डर पाण्यात, घड्याळही पाण्यात. सुलाऊनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. घाबरली असेल. मला वाईट वाटलं, पण फार नाही.

आता एकच शंका. तू भांडू नको म्हणाली होतीस. पाण्यात ढकलणं हे भांडण धरायचं का? कारण रांजण शांत आहे. चार दिवस कान लावतोय, काही नाही. इतका शांत की मला त्याचा अभिमान वाटतो, पण अपाई काल माझ्यामागून आले, त्यांनीही कान लावला, माझ्याकडे बघितलं आणि जाऊन जाळं सांधत बसले. "हं"सुद्धा म्हणाले नाहीत.

मंगाट


मिरी
२३ एप्रिल

मंगाट,

भांडणानं तुआक नासत असती तर तुझ्या आईच्या रांजणात आयुष्यात कधी गोड थेंब झाला नसता. रोज सकाळी ती अर्ध्या लांबघराशी भांडून मगच चुलीपाशी बसायची.

तू खमीर मारलंस. उकळता पाक ओतलास म्हणजे जेवायला बसलेल्या पंगतीच्या डोक्यावर सांबाराचं पातेलं उपडं केलंस. ती वाफ सुंदर होती ना, तो त्यांचा शेवटचा निरोप. आता आत गोड पाणी आहे, चार दिवसांत त्यावर बुरशी येईल. डुकरांना घाल. त्यांची आपल्या घराकडून काही येणी आहेतच.

आणि तिन्ही वड्या.

मी पत्र इथे अर्धा दिवस ठेवून दिलं होतं. आता लिहिते, कारण दुसरा मार्ग नाही. त्या वड्या तुझ्या आईच्या नव्हत्या.

तुझी आई लग्न होऊन नुकती आली होती, तिची तुआक दर वेळी नासायची. खालच्या वळणावरच्या मिंदूची तुआक बाले नदीभर गाजत होती. एकदा गवाईला मिंदूकडे गेलो असताना, ती पाहुण्यांत गुंतलेली बघून, तुझ्या आईनं तिच्या चुलीवरच्या टोपलीतली एक वडी उचलली आणि झग्यात टाकली. मी बघितलं, मी बारा वर्षांची होते, मला एक अननस देऊन गप्प केलं. त्या एका वडीतून पुढची, तिच्यातून पुढची, अशी तीस वर्षं चालली. तुझी आई ज्या तुआकेसाठी मोठी झाली ती मिंदूच्या टोपलीतली होती. मिंदू मूर्ख नाही. दर गवाईला आपल्या दारात येऊन पेला प्यायची, ओठ पुसायची आणि काही बोलायची नाही. तिला चव ओळखू येत नसेल असं वाटतं का तुला?

मी इथली दुकानची वडी पाठवू शकते. पण ती मिंदूच्या जिभेवर ठेवलीस तर पुन्हा डुकरं ओरडतील.

तेव्हा तिच्याकडे जा. आईनं चोरलं ते तू माग. तोंडानं, हात पुढे करून. आणि कुणालाही पाण्यात ढकलू नकोस.

लेमोक


नांगा लिजोक
१२ मे

मावशी,

तुझं पत्र वाचून मी ते चुलीत टाकलं, मग तू पुन्हा खरं तेच सांगशील हे लक्षात आलं म्हणून जळायच्या आत काढलं. एक कोपरा गेला. अननसाचा.

दोन दिवस घाटावर बसून काढले. माझी आई चोर, हे मी एकट्यानं कुठे ठेवू? शेवटी गेलो. इनिक मिंदू तिथेच, तशीच सुपारी कुटत. जणू मी मधे गेलोच नव्हतो.

"इनिक, मला खमिराची वडी हवी."

"का? तुझ्या आईची टोपली होती की."

"मी मारलं ते. उकळता पाक ओतला."

तिनं खलबत्ता खाली ठेवला. "किती वड्या?"

"तिन्ही."

"तिन्ही," ती म्हणाली. "हत्ती पण असा पाय देत नाही." मागे सुलाऊ उठून आत गेली. तिला मी नको झालोय, हे तेव्हा अगदी स्पष्ट झालं.

मी चोरीचं बोलायला तोंड उघडलं तर म्हातारी म्हणाली, "तुझ्या आईचं माझ्याशी बोलायचं राहिलं, ते तू बोलू नकोस. वडी देणार नाही मी. वडी करशील तू. सात दिवस. सकाळी ये, सांजेला जा."

मावशी, सात दिवस. तांदूळ भिजवून कुटले. कुलंजन, मिरी, लाल मिरच्या कुटल्या. डोळ्यातून पाणी येत होतं आणि ती शेजारून म्हणत होती, "कॉलेजचे हात. बघ ग सुलाऊ, पुस्तक धरल्यासारखं मुसळ धरतो." पिठाच्या चपट्या वड्या थापल्या, त्यावर तिच्या जुन्या वडीची पूड भुरभुरली, भाताच्या तुसांवर ठेवून कापडानं झाकल्या. तिसऱ्या दिवशी मी कापड वर केलं. ती लांबून, न बघता म्हणाली, "हात." चौथ्या दिवशी पुन्हा केलं. तिनं सुपारीचा खलबत्ता माझ्या पायावर ठेवला. हळू नाही ठेवला. पाचव्या दिवशी तिनंच कापड उचललं, वड्यांवर पांढरी लव आली होती, उंदराच्या पिल्लासारखी. मग उन्हात वाळवल्या.

सुलाऊ सातही दिवस तिथेच. पाठ करून बसायची. मी काही बोललो की पाठ जास्तच वळायची. एकदा मिरचीच्या हातानं मी डोळा चोळला आणि ओसरीभर नाचलो, तेव्हा ती सरळ घराबाहेर निघून गेली. मोजणीवाला या सात दिवसांत एकदाच आला, मागच्या डुकरांच्या आवारात इनिकशी बोलून गेला. माझ्याकडे बघून त्यानं टेपरेकॉर्डर दुसऱ्या खांद्यावर घेतला. मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. तुझ्यासाठी.

पाच तारखेला दोन रांजण बसवले. काल पाक घातला. पाक उकळून पातेलं समोर ठेवलं आणि बसलो. दर थोड्या वेळानं मनगटावर थेंब. मधे अपाई आले, जाळं घेऊन शेजारी बसले, त्यांनीही आपलं मनगट पुढे केलं. मी थेंब टाकला. त्यांनी मान हलवली, नाही. पुन्हा बसलो. असं चार वेळा. पाचव्या वेळी म्हणाले, "हं."

आज कान लावला. आत सळसळ आहे, मावशी. मासा तव्यावर आहे.

मंगाट


मिरी
१८ मे

झाकणाला हात लावू नकोस. लावलास तर मला कळेल.

लेमोक


नांगा लिजोक
४ जून

मावशी,

हात नाही लावला. अपाईंनी रांजणासमोर बिछाना टाकला होता, त्यामुळे लावताही आला नसता.

गवाईच्या दिवशी खालच्या वळणावरचे सगळे आले. ओसरीच्या टोकापासून दारोदार पेले घेत येत होते. आपलं दार अकरावं. पहिल्या दहा दारांत लोक काय प्यायले मला माहीत नाही, मी इनिक मिंदूच्या पावलांकडे बघत होतो. सकाळी झाकण उघडलं तेव्हा मी चाखली होती. गोड होती, मागून थोडी चिरचिरीत. चांगली की वाईट, मला कळेना. मला काहीच कळेना.

ती आली. मागे सुलाऊ, डोक्यावर चांदीचा तुरा. तिच्याकडे मी बघितलं नाही, बघितलं असतं तर पेला सांडला असता. दोन्ही हातांनी पेला पुढे केला. इनिकनं वास घेतला. फटीकडे बघितलं. खालची डुकरं, खरं सांगतो, बाजूला सरकली.

मग तिनं एक घोट घेतला. तोंडात फिरवला. उरलेला एकदम प्यायली, पेला पालथा करून दाखवला.

"मागून आंबट आहे," ती म्हणाली. "घाई केलेली नाही, पण घाईचा माणूस शेजारी बसला होता." लोक हसले. मग ती जास्तच मोठ्यानं म्हणाली, "आणि ही माझ्या टोपलीतली आहे. तीस वर्षांपूर्वी याच्या आईनं चोरली."

मावशी, झांज वाजवणाऱ्याचा हात वर राहिला. मी कुणालातरी मारणार होतो, फक्त कुणाला ते ठरत नव्हतं. म्हातारीला मारता येत नाही.

तेवढ्यात मागून अपाई म्हणाले, "हो. शिडी मी धरली होती."

तीन वर्षांत एवढं मोठं वाक्य त्यांनी बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. इनिक मिंदूनं त्यांच्याकडे बघितलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते. ती हसत होती. बिनदाताचं तोंड उघडून, गुडघ्यावर हात मारून. "मला वाटलेलंच," ती म्हणत होती, "मला वाटलेलंच, त्या ठेंगणीचा हात टोपलीपर्यंत पोचला कसा." अपाई पण हसले. मग डोळे पुसले, आणि सगळ्यांना पेले भरून दिले, माझ्या हातातून भांडं काढून घेतलं.

निघताना मी विचारलं, "इनिक, सुलाऊ?"

"दुसरा रांजण आहे ना तुझा? बांधलेला? तो माझ्या घरी पाठव. पुढच्या गवाईपर्यंत तो उघडायचा नाही. वर्षभर बसली की आंबटपणा जातो, मधाचा रंग येतो. तोवर तूही जा, ती आकृती पुरी कर. ज्याला अर्धं सोडायची सवय आहे त्याला मी पूर्ण नात देणार नाही."

"आणि मोजणीवाला?"

"त्याचं त्याला मिळालं," ती म्हणाली. काय मिळालं ते सांगितलं नाही.

म्हणून मी सिबूला परत जातोय. कॉलेजवाले दुसऱ्या वर्षाला पुन्हा बसवतात म्हणे, शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांच्या पाया पडलं तर. पडेन. सुलाऊनं मात्र होडीत बसताना माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा तोंड फिरवलं. एक वर्ष, मावशी. रांजण राहील बांधलेला, तिचं काय सांगावं?

फिटरला सांग, भाचा इंजिनियर होतोय. उशिरानं.

मंगाट


खालचं वळण, बाले नदी
२० एप्रिल १९८९

मंगाट,

तुझी अकरा पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही कारण इनिक म्हणाली होती, झाकण उघडायचं नाही. परीक्षा संपत आली असं लेमोक मावशीनं कळवलं, म्हणून आता लिहिते. संपली नसेल तर हे पत्र घडी करून ठेव आणि पेपरला जा. कागदावर नाक काढू नकोस. तेसुद्धा तिनंच कळवलं.

पहिली गोष्ट. तुझ्या चुलतभावाला ती चिठ्ठी लिहायला मी सांगितली होती. मला वाटलं तू सुट्टीत येशील, जरा घाईनं येशील. तू पेपरातून उठून आलास. तेव्हापासून तुझ्यासमोर मला तोंड सरळ ठेवता येत नाही, हसू येतं. इनिककडे मला मागितलंस तेव्हा येत होतं, मिरचीच्या दिवशी तर मी घरामागे जाऊन जमिनीवर बसले.

दुसरी गोष्ट. मोजणीवाल्याची बायको आणि दोन मुलं सारिकेईला आहेत. तो इनिकचं डुक्कर विकत मागत होता, कॅम्पवरच्या मेजवानीसाठी, आणि बिअर देऊन भाव पाडायला बघत होता. त्या दिवशी होडीत तो मला सहज सोडायला आला होता. टेपरेकॉर्डर अजून चालतो, फक्त सगळी गाणी पाण्याखाली गायल्यासारखी वाटतात. त्यानं डुक्कर नेलं. गवाईच्या आधीच, आणि इनिक म्हणेल त्या किमतीला.

तिसरी गोष्ट, आणि ही वाईट आहे. रांजण अर्धा झालाय. इनिक दर पौर्णिमेला म्हणायची, नासली का ते बघायला हवं. एकटीनं बघणं बरं नाही म्हणून मीही बघत होते. मार्चपासून तुझे अपाईही येतात बघायला. शिडी धरायला आलो म्हणतात. आंबटपणा गेलाय. रंग मधाचा आलाय. इनिक म्हणते, त्या ठेंगणीला अशी कधी जमली नाही.

गवाईपर्यंत उरणार नाही, तेव्हा नवा रांजण बसवावा लागेल. पेपर झाल्यावर ये, आधी नको. येताना कापितहून साखर आण. पाक मी उकळते. तो गार होईपर्यंत तू माझ्याशेजारी बस.

सुलाऊ